पाचवं बूच

१

मानवजातीनं आजवर जे जे म्हणून उभं केलं, त्यात जुन्या लाकडी मालबोटीइतकं भव्य, उदात्त आणि ताठ मानेचं दुसरं काही नाही. हे वाक्य मला माझ्या बोटीच्या केबिनमध्ये ताठ मानेनं उभं राहून लिहायचं होतं. पण केबिनची उंची पाच फूट चार इंच आणि माझी पाच फूट आठ. तेव्हा ते मी बसून लिहिलं, आणि उठताना डोकं आपटलं.

आमच्या गोदीत अशा नऊ बोटी आहेत. एके काळी त्यांनी धान्य, विटा, कोळसा, वाळू वाहिली. आता त्या आम्हाला वाहतात. माल तक्रार करत नसे, एवढाच काय तो फरक. बोटवाल्याला चुकूनही 'कसं काय, बरं आहे ना?' असं विचारू नये. तो बोटीची प्रकृती सांगायला लागतो. मग तळाच्या फळ्या, फटींतला कापूस, डांबराचा शेवटचा हात असं करत करत तो तुम्हाला आत नेतो, तुमचं डोकं आपटवतो आणि अभिमानानं विचारतो, "काय मजबूत आहे, नाही?"

माझ्या शेजारच्या बोटीत माझी थोरली बहीण राहते. ती वजनमापे खात्यात निरीक्षक होती. तिला कोपऱ्यावर पाहिलं की दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे. गोदीत तिला मापबाई म्हणतात; ती समोर असली की नुसतं बाई. मला ती धाकट्या म्हणते. मी अडुसष्ट वर्षांचा आहे.

बुधवारी सकाळी कप्तान माझ्या दारात येऊन उभे राहिले. कप्तान म्हणजे गोदीतले एकमेव खरे बोटवाले. आम्ही बहुतेक जण निवृत्त होऊन बोटीत आलो, ते बोटीतच निवृत्त झाले. वय एकोणऐंशी, कणा शिडाच्या काठीसारखा. तीन आठवड्यांपूर्वी मी त्यांचा हातपंप नेला होता, माझ्या बोटीच्या तळाशी साचणारं पाणी उपसायला. त्यांना पाहताच मी खोकायला सुरुवात केली.

पण ते पंपासाठी आले नव्हते.

"फळी गेली," ते म्हणाले.

"कुठली?"

"वर्षफळी. कुणीतरी काढून नेली."

मी खोकला थांबवला. कारण उद्या गुरुवार होता.

२

वर्षफळी म्हणजे बोटीचा जन्मदाखला. बोट बांधून झाली की कारखाना तिच्या सगळ्यांत जाड तुळईवर हातभर लांबीची एक फळी ठोकायचा, आणि तिच्यावर वर्ष आणि बोटीचा क्रमांक कोरलेला असायचा. ज्याच्याकडे ती आहे, तो पाहुण्यांना आधी ती दाखवतो आणि मग बसायला सांगतो.

गोदीच्या कार्यालयाचं पत्र महिन्यापूर्वी आलं होतं. साठ वर्षांहून जुन्या, खरोखर माल वाहिलेल्या बोटींनाच यापुढे गोदीत राहता येईल. गुरुवारी सर्वेक्षक येतील आणि प्रत्येक वर्षफळी कारखान्यांच्या जुन्या नोंदवह्यांशी ताडून पाहतील. ज्यांच्याकडे पुरावा नाही त्यांनी जागा सोडावी. पुरावा हरवला किंवा चोरीस गेला असेल, तर सहा महिन्यांत दुसरा आणावा.

कप्तानांची फळी त्रेसष्ट वर्षांची होती. ती नाही म्हणजे सहा महिन्यांनी बोट नाही, आणि बोट नाही म्हणजे कप्तान मुलीच्या घरी तिसऱ्या मजल्यावर. लाकडी बोट पाण्याबाहेर काढून ठेवली की वाळते आणि तिच्या फळ्यांमध्ये करंगळी जाईल एवढ्या फटी पडतात. कप्तानांचंही तसंच होणार, याबद्दल गोदीत दुमत नव्हतं.

मी ताईला हाक मारली. ती टेप, भिंग आणि वही घेऊन आली. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी या तीन वस्तू तिच्या पिशवीत असतातच. बाकीच्या बायका रुमाल ठेवतात.

कप्तानांच्या बोटीत शिरलं की माणूस आपोआप आवाज उतरवतो. जिथं वाळूचा ढीग असायचा तिथं आता पलंग, पुस्तकं, जेवणाचं टेबल आणि छोटी लोखंडी शेगडी. डोक्यावर सागवानाच्या तुळया, दोन्ही बाजूंना बरगड्या, आणि सगळ्याला तेलाची अशी झिलई की खिडकीतला पाण्याचा कवडसा छतावर पडला की छतही वाहतंय असं वाटावं. हे सगळं कप्तानांनी आणि त्यांच्या बायकोनं हातानं केलं. ती गेली त्याला पाच वर्षं झाली. अजूनही उशी झटकली की वाळूचे चार कण पडतात.

मधल्या तुळईवर फळीची जागा रिकामी होती. चार कोपऱ्यांतली स्क्रूची भोकं लाकडी बुचं ठोकून बुजवलेली होती. मधोमध, किंचित डावीकडे, आणखी एक बूच होतं, कोटाच्या बटणाएवढं. सगळी बुचं तुळईशी एकसपाट तासलेली, आणि बुचांच्या लाकडाच्या रेघा तुळईच्या रेघांना इतक्या बेमालूम मिळवलेल्या की हात फिरवल्याशिवाय कळू नये. वर तेलाचा हात.

ताईनं एका बुचावर बोट टेकवलं, मग बोट आणि अंगठा एकमेकांवर घासले.

"चिकट," ती म्हणाली आणि तेवढंच लिहून घेतलं. "कधी लक्षात आलं?"

"आज सकाळी चहा ठेवताना. काल संध्याकाळी सहाला मुलीकडे जेवायला गेलो, तेव्हा होती. आल्यावर दिवा न लावताच झोपलो."

"दाराला कुलूप?"

"बोटीला कुलूप कोण लावतं, बाई? दार पाण्यानं फुगलेलं असतं. ज्याला माहीत नाही त्याला उघडत नाही, ज्याला माहीत आहे तो आपलाच."

"चोरानं पाण्यात फेकली असेल," मी म्हणालो.

"लाकूड आहे ते, धाकट्या. सकाळी तुझ्याच दाराशी तरंगत आलं असतं." ताई भिंतीपाशी गेली. भिंतीवर छातीच्या उंचीला एक खाच होती, चारही बाजूंनी एका पातळीत फिरलेली. तिच्यात आकडे अडकवून कप्तानांनी घरचे फोटो टांगले होते. "ही कशाला?"

"फोटोंसाठी," मी म्हणालो.

लहानपणी मी गणित न करताच उत्तर सांगायचो, तेव्हा ताई जशी बघायची तशी तिनं माझ्याकडे बघितलं.

"वाळूची रेघ आहे ती," कप्तान म्हणाले. "तिथपर्यंत भरायची. पूर्वी वाळू तोलून विकत नसत, बोटीनं विकत. गिऱ्हाईक सांगायचं, दोन बोटी पाठवा. माझ्या वेळेपर्यंत ते बंद पडलं होतं, रेघ राहिली."

"हो का," म्हणत ताईनं टेप लावला, रेघेची उंची घेतली, बोटीची लांबी-रुंदी घेतली आणि वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. ताई लिहायला लागली की कुणाचं तरी दुकान बंद होतं, असा आमच्या घराचा अनुभव आहे.

बाहेर धक्क्यावर आल्यावर ती म्हणाली, "फळी काढायला पाच मिनिटं लागतात. त्या भोकांना बुचं बसवायला, तासायला, तेल द्यायला दोन तास. धाकट्या, हा कसला चोर? पाच मिनिटांची चोरी आणि दोन तासांची साफसफाई?"

३

पहिला संशय दातांच्या डॉक्टरांवर जाणं साहजिक होतं. त्यांची बोट विटांची, वय एकाहत्तर, गोदीतली सगळ्यांत जुनी. म्हणून धक्क्यावरची पहिली जागा त्यांची. दारावर 'गोदीतील सर्वांत जुनी बोट' अशी पितळी पाटी, आणि ती ते रोज सकाळी दात घासण्याच्या आधी घासतात. कप्तानांच्या शेगडीचा धूर आपल्या वॉर्निशवर बसतो, यावरून त्यांनी कप्तानांना सात पत्रं पाठवली होती. दोन दारांमधलं अंतर अकरा पावलांचं.

"या," डॉक्टर म्हणाले. "संशय माझ्यावर आहे ना? हरकत नाही. भोकं बुजवली म्हटलं की लोकांना मीच आठवतो."

"धुराबद्दल तुमची तक्रार होती," ताई म्हणाली.

"आहे. आठवं पत्र तयार आहे. पण बाई, वर्षफळी? एखाद्याचा दात चुकीचा उपटला तर मला झोप येत नाही. वर्षफळी म्हणजे बोटीचा सुळा. मी हात लावीन?" ते खरोखर दुखावले होते. "काम कसं आहे तेवढं सांगा. भरणं नीट आहे का?"

"तुम्हीच येऊन बघा."

डॉक्टर आपली हत्यारं घेऊन आले. खुर्चीवर चढून त्यांनी दांडीवाला छोटा आरसा तुळईला लावला, आणि कप्तानांना सवयीनं म्हणाले, "दुखलं तर हात वर करा."

बराच वेळ पाहून म्हणाले, "सुंदर. हे ज्यानं केलंय त्याला मी माझ्या दवाखान्यात नोकरी देईन." त्यांनी टोकदार हत्यारानं एकेका बुचावर ठोकलं. टक. टक. टक. टक.

पाचव्यावर आवाज आला, टिक.

त्यांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा टिक.

"याच्या मागं लाकूड नाही," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. "असा आवाज मी रोज ऐकतो. बाई, हा दात आधीच कुणीतरी भरलेला आहे."

मी कप्तानांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते.

४

गोदीच्या टोकाला मिस्त्रींचं छप्पर आहे. नऊही बोटींची डागडुजी तेच करतात आणि नऊही मालकांना तुच्छ मानतात. मागच्या महिन्यात कप्तानांनी त्यांना चारचौघांत सुनावलं होतं की तुझा रंधा हजामाच्या वस्तऱ्यासारखा चालतो, वरवर. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"राग आहे," मिस्त्री फळी तासत म्हणाले. "पण राग आला तर मी काम सोडतो, चोरी करत नाही. शिवाय ते बरोबर बोलले होते. त्याचाच राग आहे."

ताईनं मोबाइलवर बुचांचा जवळून काढलेला फोटो दाखवला. मिस्त्रींनी हात पुसले, चष्मा लावला, आणि त्यांचा चेहरा मऊ झाला.

"हे यंत्रावर कापलेलं बूच नाही. यंत्राचं गोल येतं. हे पटाशीनं तासलंय, बघा, आठ पैलू. आठ पैलूंचं बूच गोल भोकात ठोकलं की जागा धरून बसतं, मग माणूस मेला तरी निघत नाही."

"असं कोण करतं?"

"आता? कुणी नाही. कप्तान करायचे. त्यांनी तिघांना शिकवलं. एक मी."

"दुसरा?"

मिस्त्रींनी पटाशीचं टोक माझ्याकडे केलं. मी गेल्या हिवाळ्यातला तो प्रसंग विसरायचा प्रयत्न करत होतो. माझं बूच भोकात गेलं होतं हे खरं, पण ते बोटीच्या दुसऱ्या बाजूनं पाण्यात पडलं, आणि त्याच भोकातून येणाऱ्या पाण्यासाठी मला पंप लागला होता.

"याचा प्रश्नच नाही," ताई म्हणाली. भावावर इतका विश्वास क्वचितच कुणी दाखवला असेल. "तिसरा?"

मिस्त्रींनी पुन्हा रंधा हातात घेतला. "ते मी सांगणार नाही."

"मिस्त्री."

"लहान होती. दोन वेण्या घालून इथं बसायची आणि माझ्याआधी शिकली," ते म्हणाले आणि आमच्याकडे पाठ केली.

५

कप्तानांची मुलगी नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात काम करते. तिच्या टेबलावर सगळ्या पेन्सिली एका दिशेला टोक करून ठेवलेल्या होत्या. माणूस बोटीतून बाहेर पडला तरी बोट त्याच्यातून बाहेर पडत नाही.

"मावशी, मला माहीत आहे तुम्ही का आलात," ती म्हणाली. "बाबांनी माझ्याकडे राहायला यावं, म्हणून मी दोन वर्षं भांडतेय. काल ते गुडघा धरून जिना चढले. मला बघवत नाही."

"मग फळी गेली ते बरंच झालं."

तिनं ताईच्या डोळ्यांत बघितलं. "मला बाबा माझ्या घरी हवेत. हरून आलेले नकोत."

ताई टेबलाकडे वळली. टेबलावर एक फोटो होता: डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई, हातात फडकं, वर्षफळी पुसताना कुणीतरी हाक मारली म्हणून वळून हसलेली.

"आई," मुलगी म्हणाली. "दर शनिवारी पुसायची. तो आकडा तिला आमच्या वाढदिवसांपेक्षा पाठ."

ताईनं फोटोवर भिंग धरलं. "चार स्क्रू," ती म्हणाली.

"हो, चारच होते."

"तुळईवर बुचं पाच आहेत."

मुलगी गोंधळली. तिचा गोंधळ खरा होता. इतकी वर्षं विनोदी लेखांत लोकांची टर उडवून मला खोटा चेहरा ओळखता येतो, आरशात तर लगेच.

"काल तू ऑफिसातून कधी निघालीस?"

"साडेसहाला. सगळ्यांसमोर. घरी पोचले तर बाबा जिन्यावर बसलेले. जेवताना मी त्यांना तीनदा हात धुवायला लावले."

"का?"

"जवसाच्या तेलाचा वास. जातच नव्हता." एवढं बोलून ती थांबली. मग तिनं हळूच तो फोटो उचलला आणि उराशी धरला. "मावशी," ती म्हणाली, "उद्या सकाळी मी पण येते."

६

गुरुवारी आठ वाजता आम्ही कप्तानांच्या टेबलाभोवती बसलो होतो. ताई, मुलगी, मी आणि कप्तान. सर्वेक्षक दहाला येणार होते. कप्तानांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"बुधवारी सकाळी तेल बोटाला चिकटत होतं," ताई म्हणाली. तिचा आवाज दुकानदारांशी बोलायचा नव्हता. "तुम्ही सहाला गेल्यावर कुणी लावलं असतं, तर सकाळी ते ओलं लागलं असतं. जवसाचं तेल लवकर वाळत नाही. ते मंगळवारी दुपारीच लावलेलं होतं. आणि दुपारी बोटीवर तुम्ही होतात, कप्तान."

कप्तान टेबलाची कड बोटानं पुसत राहिले.

"मला कोडं पडलं ते वेगळंच. चोराला भोकांशी काय देणंघेणं? डॉक्टर असते तर निघून गेले असते. मिस्त्रीला दुसऱ्याच्या तुळईची दया आली असती, पण तो यंत्राचं बूच वापरतो. उघडं भोक बघून ज्याला पाऊल पुढं टाकवत नाही, असा माणूस एकच. ज्याची बोट असते तो."

"उघडीच ठेवणार होतो," कप्तान शेवटी म्हणाले. "तसं ठरवलं होतं. चोर काही बुजवत बसणार नाही, एवढं मला कळतं. निघालो, धक्क्यापर्यंत गेलो आणि परत आलो. ओल धरते हो, बाई. आठ दिवसांत तुळई काळी पडली असती."

ज्या बोटीवर आपला हक्क राहणार नाही, तिला ओल धरू नये म्हणून या माणसानं स्वतःला पकडून दिलं होतं. मी आयुष्यभर माणसांच्या फुशारकीवर लिहिलं. ही तिची जात मला ठाऊक नव्हती.

"बाबा, पण का?" मुलीनं विचारलं.

"फळी आपल्या बोटीची नाही, बाळा." ते तिच्याकडे न बघता बोलले. "मी बोट घेतली तेव्हा तिला फळी नव्हती. तुझी आई पहिल्या दिवशी म्हणाली, सगळ्यांच्या बोटीला वर्ष आहे, आपली किती वर्षांची? मला सांगता येईना. मोडीत काढलेल्या एका बोटीची फळी आणली आणि तुळईवर ठोकली. तिला म्हटलं, धुताना सापडली. तिनं पस्तीस वर्षं पुसली ती. आज नोंदवहीत तो क्रमांक बघतील, समोर लिहिलेलं असेल, मोडीत. चोरीला गेली म्हटलं तर फार तर बोट गेली असती. पण तिनं पुसलेली फळी खोटी होती, हे चारचौघांत वाचलं गेलं नसतं."

पाणी बोटीला हळूहळू थापटत होतं.

"कुठं आहे?" मुलीनं विचारलं.

"गादीखाली. तिच्या बाजूला."

ताईनं घसा साफ केला. "आता पाचवं बूच."

कप्तान एकदम उभे राहिले. "ते राहू द्या, बाई. तेवढं बघू नका."

"काय आहे त्याच्या मागं?"

"लाज आहे." कान पुन्हा लाल झाले. "फळी ठोकली तेव्हा तुळईवर बोटभर डांबर होतं. पुढं आम्ही सगळं खरवडून काढलं, फळीखालचं तेवढं राहिलं होतं. परवा ते खरवडलं, तर खाली भोक, आणि कुणा अडाण्यानं त्यात शिसं ओतलेलं. सागवानात शिसं. माझ्या बोटीत. पाहुणे काय म्हणतील? म्हणून झाकलं."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत ताई कामावर असताना हसल्याची नोंद नाही. ती त्या क्षणी झाली.

"पटाशी द्या," ती म्हणाली.

७

बूच निघता निघेना. मिस्त्रींना बोलवावं लागलं. मिस्त्री आले म्हणून डॉक्टर आले. डॉक्टर आले म्हणून उरलेली गोदी खिडक्यांतून डोकावू लागली. शेवटी डॉक्टरांनीच ते आपल्या चिमट्यानं उपटलं आणि सवयीनं कप्तानांना म्हणाले, "दोन तास काही खाऊ नका."

आत शिशाचा काळपट गोळा होता. ताईनं तो फडक्यानं पुसला, भिंग धरलं, आणि बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज जरा हलला.

"कप्तान, तो अडाणी माझ्या खात्याचा होता. वजनाच्या बुडाशी शिसं असतं ना, त्यावर शिक्का मारतात, तसंच हे. ज्यानं माल मोजून विकतात ते माप. ही बोट रेघेपर्यंत भरली की एक बोट वाळू व्हायची, म्हणून ही नुसती बोट नव्हती, सरकारी माप होती. रेघ बघितली तेव्हाच मला शंका आली होती. मोजली तर आकडे जुन्या मापात अगदी पूर्ण आले, फुटांत आणि इंचांत, एक धागासुद्धा इकडेतिकडे नाही. बोट बांधून झाली की निरीक्षक यायचा, आतून मोजायचा, शिसं ओतायचा, शिक्का मारायचा. आम्हाला हे पुस्तकात होतं. मी नोकरीला लागले तेव्हा एकही शिल्लक नाही असं सांगितलं होतं." ती थांबली. "हा खात्याचा ठसा. हा निरीक्षकाचा क्रमांक. आणि हे वर्ष."

तिनं वहीत वजाबाकी केली. ती तोंडी करू शकते. पण नोंद ती नोंद.

"चौऱ्याहत्तर," ती म्हणाली. "कमीत कमी. कप्तान, तुम्ही खोटी फळी लावून हिचं वय अकरा वर्षांनी कमी केलंत."

खिडकीतून कुणीतरी चौऱ्याहत्तर हा आकडा धक्क्यावर पोचवला, आणि धक्क्यावरून तो नऊही बोटींना लागला. आपापल्या बोटीबद्दल अहोरात्र बोलणारी ती माणसं पहिल्यांदा दुसऱ्याच्या बोटीकडे बघत गप्प उभी होती. सकाळच्या उन्हात ती वाळूची बोट पाण्यावर बसली होती, जाड, काळी, बिनशिडाची, पोटात एक खरं माप घेऊन. माझा ऊर भरून आला, आणि मी उठून उभा राहिलो. कप्तानांच्या केबिनमध्ये उभं राहता येतं. तेही तिचं मोठेपण.

दहाला सर्वेक्षक बाई आल्या. कोवळ्या वयाच्या, हातात नोंदवही, चेहरा कठोर ठेवायचा सराव नुकताच सुरू झालेला. आम्ही काही बोलायच्या आत कप्तानांनी गादीखालून फळी काढून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली.

"ही माझ्या बोटीची नाही," ते म्हणाले. "मी लावली होती, चाळीस वर्षांपूर्वी. माझ्या बायकोला माहीत नव्हतं. चोरीची तक्रारही खोटी. हे आधी लिहून घ्या, मग पुढचं बघा."

मुलीनं त्यांचा हात धरला. सर्वेक्षक बाईंनी फळीकडे पाहिलं, कप्तानांकडे पाहिलं, मग खुर्चीवर चढून शिशाकडे पाहिलं. ताईनं भिंग पुढं केलं. दोघी काही वेळ एकमेकींशी आकड्यांत बोलल्या. खाली उतरल्या तेव्हा सर्वेक्षक बाईंचा सराव सुटला होता.

"फळी सुटी असते, कुठूनही आणता येते," त्या म्हणाल्या. "हा शिक्का तुळईत आहे, आणि तुळई बोटीत. यापेक्षा पक्का पुरावा मी पाहिलेला नाही." त्यांनी पेन उघडलं आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. "बोट अस्सल. वय किमान चौऱ्याहत्तर. जागा कायम. फळी पुन्हा तुळईवर लावू नये."

"नाही लावणार," कप्तान म्हणाले. "बायकोच्या फोटोखाली मांडून ठेवीन. तिनं पुसलेली आहे."

डॉक्टर मघापासून दिसत नव्हते. ते आले ते पितळी पाटी काखेत घेऊन, स्क्रूंसकट. काढताना त्यांच्या दारावर चार भोकं पडली असणार, हे सगळ्या गोदीच्या मनात एकाच वेळी आलं. मिस्त्रींनी तर पटाशी चाचपली.

"एकाहत्तरचा मी," डॉक्टर म्हणाले. नाकाचा शेंडा लाल होता, पण मान ताठ. "ही तुमची. रोज घासावी लागते. आणि आठवं पत्र फाडलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंनी थोडा धूर काढला तर मी कोण बोलणार?"

कप्तानांनी पाटी दोन्ही हातांनी घेतली. खिडक्यांपलीकडे धक्क्यावर सगळे उभे होते, सर्वेक्षक बाई उभ्या होत्या, मुलगी डोळे पुसत होती, आणि माझी ताई, जिनं बत्तीस वर्षांत कुणाला शाबासकी दिली नव्हती, हात मागं बांधून त्या तुळईकडे बघत होती. आता कप्तान दोन शब्द बोलणार हे उघड होतं. मी वही काढली. असे शब्द वाऱ्यावर जाऊ देऊ नयेत.

कप्तानांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. ती माझ्यापाशी येऊन थांबली.

"आता इथंच राहायचं आहे," ते म्हणाले, "तेव्हा माझा पंप तेवढा आणून द्या."